कोल्ह्याच्या दोन टेपा

लोखंडी कपाटाच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेला बुटांचा एक खोका होता. खोक्यात काडेपेटीहून थोड्या मोठ्या टेपा होत्या, संगणकातल्या फायलींची नक्कल ठेवायला पूर्वी वापरत तशा. प्रत्येक टेप आपापल्या प्लास्टिकच्या कव्हरात होती आणि कव्हरांवर निळ्या शाईने एकेका प्राण्याचं नाव लिहिलेलं होतं. गाढव, हत्ती, उंदीर, म्हैस, कोल्हा, मेंढा. तारीख नव्हती. सालही नव्हतं.

“अक्का, ही सर्कस कुणाची?” धम्मानंद म्हणाला.

धम्मानंद माझा मावसभाऊ. पूर्णेला स्टेशनसमोर त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. असल्या टेपा वाचणारं यंत्र मी महिनाभर शोधत होते, ते शेवटी त्याच्याच माळ्यावर निघालं. ते मांडीवर घेऊन तो सकाळच्या गाडीने परभणीला आणि तिथून एसटीने पालम रस्त्यावरच्या आमच्या ज्वारी संशोधन केंद्रावर आला होता.

“सर्कस नाही,” मी म्हटलं. “पावसाची वाहनं आहेत.”

“बरं. मग यातलं पहिलं कोणतं?”

तेच मला माहीत नव्हतं.

या टेपा दत्तरावांनी भरलेल्या. दत्तराव केंद्राचे शिपाई होते, आणि ज्यांच्या ज्वारीच्या यादीसाठी हे सगळं चाललं होतं त्या राजेश्री मॅडम तेव्हा इथल्या मुख्य शास्त्रज्ञ. दोघंही आता नाहीत. मॅडमनी दत्तरावांना सांगून ठेवलं होतं, पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी संगणकाची नक्कल टेपेवर घ्या. दत्तरावांना पंधरवडा नक्षत्राने कळायचा. मृग सरलं की पहिली टेप, तिच्यावर सगळ्या फायली. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, नक्षत्र बदललं की नवी टेप, आणि तिच्यावर मधल्या दिवसांत बदललेलं तेवढंच. सरलेल्या नक्षत्राचं त्या वर्षीचं वाहन पंचांगात बघून ते कव्हरावर लिहीत. त्यांना तेवढं पुरे होतं.

तारखा फायलींवर तरी असायला हव्या होत्या. पण त्या संगणकाच्या घड्याळाचा सेल संपलेला होता, आणि वीज गेली की ते घड्याळ १ जानेवारी १९८० वर जाऊन उभं राही. लोडशेडिंगची वर्षं ती. वीज रोज जायची. त्यामुळे त्या टेपांवरची प्रत्येक फाईल एकाच दिवशी जन्मलेली होती.

केंद्राच्या थंड खोलीत ज्वारीच्या जुन्या वाणांचे त्रेसष्ट डबे आहेत. डब्यांवर फक्त रंगाने टाकलेले आकडे. कोणत्या आकड्यात काय, ही यादी कागदावर होती ती वाळवीने खाल्ली, आणि संगणकावर होती तो संगणक भंगारात गेला. यंदा उन्हाळ्यात थंड खोलीचं यंत्र बंद पडलं. वरून पत्र आलं की ज्या डब्यांची नोंद आहे ते जूनअखेर दिल्लीच्या बियाणे संग्रहाकडे पाठवावेत, बाकीचे नष्ट करावेत. डबे उघडून ओळखण्याची सोय नव्हती. एकदा सील निघालं की दमट हवा आत जाते, आणि जे बी वीस-बावीस वर्षं कसंबसं जिवंत राहिलंय ते महिन्या-दोन महिन्यांत जातं.

त्या त्रेसष्टांतल्या एका डब्यात माझ्या आजीची ज्वारी होती.

सोनपेठच्या पुढे, गोदावरीच्या काठाला आजीचं गाव. तिच्याकडे एक ज्वारी होती, काळ्या बोंडाची, म्हणजे दाण्यावरचं टरफल काळं असलेली, तिला सगळे काजळी म्हणत. माझी आई मालनबाई केंद्रावर रोजंदारीने खुरपायला जायची. मी सातवीत होते त्या वर्षी तिने पदराच्या गाठीत बांधून काजळीचं ओंजळभर बी मॅडमना आणून दिलं. दुसऱ्या वर्षी आजी वारली. मामांनी रानात ऊस लावला. काजळी गावातून गेली ती गेलीच. पुढे मी शिकले आणि त्याच केंद्रावर नोकरीला लागले. तेव्हापासून दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत माय एकदा तरी विचारायची, “माजी ज्वारी हाय का गं तिथं?” आठ वर्षं मी तिला एकच उत्तर देत आले होते. आहे. पण कोणत्या डब्यात ते माहीत नाही.

धम्मानंदने यंत्र उघडून कापसाने पुसलं, नाकाशी धरून हुंगलं, पुन्हा बंद केलं. “हे माज्या वयाचं हाय, अक्का. याचं डोकं झिजलंय. टेपाबी वाळून पापड झाल्यात. एक टेप एकदाच घालायची. दुसऱ्यांदा घातली की चावून टाकंल.”

“प्रत्येक टेप मी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घेईन,” मी म्हटलं. “फक्त कुणाच्या मागून कोण आलं ते कळायला हवं. शेवटच्या टेपेवरची यादी, तीच खरी.”

कोल्ह्याच्या कव्हरात दोन टेपा होत्या, रबराने एकत्र बांधलेल्या. रबर हात लावताच तुटलं. एक टेप मी खोक्यात परत ठेवली. आमच्या कामात महत्त्वाच्या गोष्टीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत असते, एक बिघडली तर दुसरी. दत्तरावांनीही कधीतरी तसं केलं असणार. पहिली वाचली गेली नाही तरच दुसरी काढायची, असं मी ठरवलं.

आमच्या घरात पंचांग कधी आलं नाही. बाबा शिक्षक होते, आणि ते असेपर्यंत त्याचा विषयही निघत नसे. पण मॅडमनी यादी संगणकावर घेतली ती मायने बी दिलं त्याच वर्षी, आणि ते वर्ष मायला आठवत असणार, असं मला वाटलं. संध्याकाळी वहीत सहा नावं लिहून मी तिच्यासमोर बसले. ती ओसरीवर पाय पसरून शेंगा फोडत होती.

“माय, काजळी दिलीस त्या साली पावसाची सहा वाहनं कोणकोणती होती?”

“आता तू पंचांग बघायलीस व्हय? तुज्या बाबानं ऐकलं तर उठून यील.”

“पंचांग नाही. कामाचं आहे.”

“मला काय ठावं त्यातलं. रानात बाया बोलायच्या, कानावर पडायचं.” तिने शेंगांची सालं बाजूला सारली आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. “मृगाला म्हैस. बसूनच राह्यली, उठली न्हाई. आर्द्राला कोल्हा, त्यानं फसवलं. तरन्याला उंदीर.”

“तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य.”

“तुमी म्हना पुनर्वसू. म्हाताऱ्याला हत्ती. तवा जरा पडला. आसळकाला मेंढा. मघाला गाढव, गाढवानं रान भिजवलं बग, खुरपं चालंना. मग पूर्वाला…”

“सहा झाली,” मी म्हटलं, आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी म्हशीपासून सुरुवात केली. मे संपत आला होता. दुपारी केंद्रावर कुणी नसतं. धम्मानंद टेप घालून बाहेर लिंबाखाली जाऊन पडायचा आणि मी आत यंत्राजवळ बसायचे. त्याचा आवाज एकसारखा होता, दूरच्या रानात कुणीतरी पेरणीची पाभर चालवत असावं तसा. अधूनमधून आवाज थांबे. टेप मागे जाई, थोडं थांबून तीच जागा पुन्हा वाची, मग पुढे. पडद्यावर फायलींची नावं एकाखाली एक उतरत राहत.

मी डोळे मिटले नव्हते, तरी खोलीतला उजेड बदलल्यासारखा वाटे. म्हशीच्या टेपेला तो पिवळसर होता, पेरणी होऊन पाण्याची वाट बघणाऱ्या रानावरचा. उंदराची टेप चालू असताना भिंतीत काहीतरी कुरतडल्यासारखं झालं. बघितलं तर काही नव्हतं. हत्तीच्या टेपेत फोटो होते. त्यातला एक अर्धाच उतरला. वरच्या अर्ध्यात ढग आणि ज्वारीचे शेंडे, मध्ये वाकलेल्या बायांच्या पाठी, आणि त्याखाली सपाट करडा रंग, जणू त्या सगळ्या गुडघ्यापर्यंत धुक्यात उभ्या आहेत. चौथी पाठ मायची होती. ती तेव्हा माझ्या आताच्या वयाची असेल. मी पडद्याला हात लावला तेव्हा काच गरम होती. बाहेर त्रेचाळीस अंश होतं, आणि मला ओल्या मातीचा वास येत होता. वासाला कारण काही नव्हतं. मी उठून खिडकी लावली, तरी तो थोडा वेळ राहिला.

त्याच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी गाढवाची टेप संपली. सहाही टेपा उतरल्या होत्या, आणि सगळ्यात शेवटच्या यादीत सतराव्या ओळीवर लिहिलं होतं: ‘काजळी. गोदाकाठ, सोनपेठ. देणार: मालनबाई लिंबाजी खंदारे.’

ती ओळ मी तीनदा वाचली. मग त्रेसष्ट डब्यांचे त्रेसष्ट फॉर्म भरायला बसले. रात्री घरी जाताना सतरा नंबरचा डबा उघडून चिमूटभर दाणे कागदाच्या पुडीत घेतले, आणि डबा पुन्हा मेणाने बंद केला. तो उघडायला नको होता. पण मायला दाखवायचं होतं.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिने दाणे तळहातावर घेतले, बोटाने फिरवले, आणि एक दाणा उरलेल्या दाढेखाली धरला.

“ही न्हाई,” ती म्हणाली.

“यादीत तुझं नाव आहे, माय. सतरा नंबर.”

“तुजी यादी खरी असंल. पर ही काजळी न्हाई.”

“बावीस वर्षं झाली. जुन्या बियाची चव बदलते.”

“चवीचं कोन बोलायलंय? काजळी दाताखाली कच्च करून फुटायची. ही पिठावानी बसायली.”

“तुला आता एक दाढ राहिली आहे.”

“एकच हाय, पर ती तुज्या यादीपेक्षा म्हातारी हाय.”

ओसरीवर बसलेल्या धम्मानंदला हसू आलं. मी बघितल्यावर त्याने ते पाण्याच्या तांब्यात बुडवलं. मला राग आला नव्हता. मी मनात पुन्हा सगळं तपासत होते. टेप, क्रम, यादी, ओळ. कुठे चूक सापडत नव्हती, आणि तिच्या दाढेवरही माझा अविश्वास नव्हता.

माय दाणे एकेक करून पुडीत परत टाकत होती. “तू त्या दिवशी वही मिटलीस,” ती म्हणाली. “पूर्वाचं सांगायचं राह्यलंच.”

“पूर्वाला काय होतं?”

तिने पुन्हा अंगठा पेरांवरून फिरवला, करंगळीपासून. सातव्या पेरावर थांबली. “पूर्वाला परत कोल्हा. पयल्या कोल्ह्यानं फसवलं आन् ह्यानं बुडवलं. बियाच्या खोलीत पानी शिरलं. आमी सगळ्या बायांनी डबे डोक्यावर घेऊन माडीवर नेले. खालीवर झाले सगळे. मग मॅडमनी रंगाचा डबा आनला आन् माडीवर जसे लागले तसे नवीन नंबर टाकले.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू सा इचारले, मी सा सांगितले.”

मी धम्मानंदकडे बघितलं. त्याच्याही डोक्यात तेच आलं असावं. तो म्हणाला, “म्हंजी कव्हरातली दुसरी टेप नक्कल न्हाई.”

नक्कल नव्हती. दत्तरावांकडे कोल्ह्याच्या नावाचं एक कव्हर होतंच. कोल्हा दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या घरात ठेवलं.

त्या रात्री मला झोप फार कमी लागली. जी लागली तिच्यात मी एका लांब खोलीत होते. बायका डोक्यावर डबे घेऊन जिना चढत होत्या आणि कुणाचाच पाय वाजत नव्हता. मी खाली उभी राहून आकडे वाचायचा प्रयत्न करत होते, पण रंग ओला होता आणि पाण्यासारखा हलत होता.

सकाळी आठलाच आम्ही केंद्रावर पोचलो. धम्मानंदने यंत्राचं डोकं दोनदा पुसलं. खोक्यातली ती उरलेली टेप प्रकाशाकडे धरून त्याने मान हलवली. “एका बाजूनं चुरगळलीय. वाचली तर वाचली, अक्का. पुन्हा म्हनू नको.”

“नाही म्हणणार.”

टेप आत गेली. पाभरीचा तोच आवाज सुरू झाला. तीन नावं उतरली, चौथं, पाचवं. मग आवाज थांबला. टेप मागे गेली, पुढे आली, मागे गेली. पडद्यावर नवं काही येईना. धम्मानंदने हात यंत्रापासून लांब मांडीखाली दाबून ठेवला होता, लावायचा मोह होऊ नये म्हणून. भिंतीवरची पाल आमच्यासारखीच स्थिर होती. मी आकडे मोजत होते. किती मोजले ते आठवत नाही, कारण चाळीसनंतर मी आकड्यांऐवजी म्हैस, कोल्हा, उंदीर असं म्हणत होते, मायच्या पेरांवरून जावं तसं. सातव्या पेराला आवाज पुन्हा सुरू झाला.

यादी पूर्ण उतरली. काजळी एकेचाळीसाव्या ओळीवर होती. त्या ओळीतलं दुसरं काही बदललेलं नव्हतं. तेच गाव, तेच मायचं नाव. सतराव्या ओळीवर आता भाकरीची एक गावठी ज्वारी होती, जिंतूरकडची.

त्यानंतर टेप आत अडकली आणि तुटली. धम्मानंदने चिमट्याने तिचे तुकडे काढून कागदावर ठेवले. “बिचारा,” तो म्हणाला. यंत्राला म्हणाला की कोल्ह्याला, मी विचारलं नाही.

मी थंड खोलीत गेले. एकेचाळीस नंबरचा डबा वरच्या फळीवर, कोपऱ्यात होता. टॉर्च समोरून मारला तर पांढरा ४१ दिसत होता, बाकी काही नाही. मग मी टॉर्च पत्र्याला टेकवून आडवा धरला. तेव्हा रंगाखाली जुन्या रंगाची कड उठून दिसली. १७. खाली १७, वर ४१. मी बोट फिरवून बघितलं. बोटालाही ते लागत होतं.

कालचे त्रेसष्ट फॉर्म मी फाडले. त्यांतला एकही बरोबर नव्हता. ते तसेच गेले असते तर त्रेसष्ट ज्वाऱ्या एकमेकींच्या नावाने दिल्लीला जाऊन राहिल्या असत्या, आणि ते कुणाला कधी कळलं नसतं. नवे भरताना प्रत्येक डब्यावरचे दोन्ही आकडे टॉर्चने ताडून बघितले, त्याला दोन दिवस लागले. पुढच्या रविवारी मी परभणीत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या सालचं पंचांग मिळवलं आणि ताळा केला. मायचं एकही पेर चुकलं नव्हतं.

एकेचाळीस नंबरच्या डब्यातले वीस दाणे मी ओल्या कागदात गुंडाळून घरी आणले. गुंडाळी ठेवण्याआधी त्यातले दोन दाणे मायच्या हातावर ठेवले. “बघ,” मी म्हटलं.

तिने ते चाचपले. हात तोंडापर्यंत नेला आणि खाली आणला.

“खायला किती हायत?”

“डब्यात मूठभर. ते सगळं दिल्लीला जाईल.”

“मग ऱ्हाऊ दे.” तिने दाणे माझ्या हातात परत दिले. “कनसं लागली की कळंल. तवर तुजी यादी म्हनती ते खरं.”

कागदाची गुंडाळी माठाच्या सावलीला ठेवली. चार दिवसांनी उलगडली. विसांपैकी तीन दाण्यांना मोड आले होते, पांढरे, गव्हल्यासारखे बारीक. माय जवळ सरकली आणि वाकून बघत बसली. तिला किती दिसत होतं कोण जाणे. तिचा श्वास लागून कागदाची कड हलत होती.

“विसात तीन,” मी म्हटलं. “पंधरा टक्के.”

“तीन लय झाले. माज्या आयनं रानातल्या एका ताटापासून धरली व्हती.” मग मी घरी आणलेल्या एकेचाळीस नंबरच्या फॉर्मवर हात ठेवून, “ह्या कागदावर माजं नाव कशाला लिवलंय? मी नुस्ती आनून दिली. देनारी ती.”

नोंदीतला मजकूर बदलायचा नसतो. मॅडमनी लिहिलं तेच फॉर्मवर जायला हवं, आणि ते मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण हात कागदावरून काढला नाही. फॉर्मच्या खाली ‘टीप’ म्हणून एक ओळ असते. सहसा ती रिकामी जाते. मी पेन उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला आजीचं नाव माहीत नाही. आम्ही तिला आजीच म्हणायचो. माय तिला आय म्हणायची. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, कुठल्या कागदावर तिचं नाव मी कधी बघितलं नव्हतं.

“माय, आजीचं नाव काय होतं?”

मायने वर बघितलं, जणू हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

“सुलाबाई,” ती म्हणाली.

मी ते लिहिलं. तिने एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. मग तिने ओला कागद मोडांवर परत अलगद टाकला आणि गुंडाळी माठाच्या सावलीत, जरा अजून आत सरकवून ठेवली.